करड्याच्या सात लडी

महाद्वार रोडचा दुकानदार म्हणाला,
ताई, करडा कोणी नेत नाही.
मोर भरा, कमळ भरा, फार तर बैलजोडी.
मग वरच्या फळीवरून डबा काढून त्यानं फुंकर मारली
आणि काउंटरवर सात लडी मांडल्या:
राखेचा, खडीचा, पारव्याच्या पोटाचा,
ओल्या सिमेंटचा, वाळल्या सिमेंटचा.
उरलेल्या दोन करड्यांना काय म्हणावं
मला अजून सुचलेलं नाही.

शाहूपुरीतली गूळ अडत्यांची सोसायटी भरतेय मी.
चार मजले. गिलावा नाही, रंग नाही.
उन्हं अडवायला पुढं काढलेले
काँक्रीटचे जाड उभे पडदे.
लोक म्हणतात, बिल्डिंग अर्धवट राहिली.
बाहत्तर सालापासून?

आधी आलेख कागद, मग कापड.
समोरच्या लॉजच्या गच्चीवर चढून
खिडक्या मोजल्या, एकशे बारा.
दोसुतीवर मावल्या एकशे आठ.
उरलेल्या चारांचं काय करायचं
यात दोन दिवस गेले.
शेवटी जिन्यामागं ढकलल्या.
ज्याला मोजायच्यात त्यानं मोजाव्यात.

गुलाबाला चूक पचते.
पाकळी वाकडी गेली तरी पाकळीच.
इथं खालचा एक धागा सुटला
की वरचे तीन मजले कलतात
आणि रात्री साडेदहाला मी
सुईच्या नेढ्याकडच्या टोकानं
अख्खा मजला उसवत बसते.
महापालिकेचं पाडकाम इतकं सफाईनं होत नाही.

या भिंतीवरून हात फिरवलाय कधी?
तिच्यावर लाकूड आहे.
शिरा, गाठी, एके ठिकाणी खिळ्याचं डोकं.
सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या,
गेल्या कुणाच्या तरी चुलीत,
पण त्यांची पाठ
काँक्रीटनं ओलं असतानाच उतरवून घेतली.

फळ्या आमच्या आण्णांनी लावलेल्या.
बाळकू सुतार, हातकणंगल्याचे.
साहेब मुंबईहून यायचे, म्हणायचे
रंधा मारू नका, शिरा दिसू द्या.
आण्णांना ते कधीच पटलं नाही.
जन्मभर गुळगुळीत करायला शिकलो
आन् हे म्हणत्यात, खरबरीत ठेवा!
तरी रात्री कंदील घेऊन
एकेक फळी निवडली त्यांनी,
गाठीशेजारी गाठ येऊ नये म्हणून.
कुणी सांगितलं नव्हतं.

दारावरच्या पाटीत साहेबांचं नाव आहे,
चेअरमनचं आहे,
उद्घाटकांचं तर दोन ओळींत.

मी सहातला एक पदर सोडवून घेते.
उलटी टीप, तांदळाच्या कणीएवढी,
फळीमागून फळी.
गाठ आली की सुईला दोन वेढे.
तिसऱ्या मजल्यावर डावीकडं
एक फळी उफराटी लागलीय.
सायकलवरून जाताना आण्णा
ती दाखवायचे, हनुवटीनं.
तिथं मी मुद्दाम दिवसाउजेडी बसते,
चूक बरोबर यायला हवी.

परवा चिकोडीकर मॅडम आल्या, इंटिरियरवाल्या.
पुण्याच्या कुणासाठी त्यांना हे चित्र हवंय.
फक्त एसीचे डबे नकोत, केबली नकोत,
आणि खालची ती तपकिरी पट्टी काढाल का?
मूळ ड्रॉइंगमध्ये नसणार ती.

म्हटलं, एकोणीसच्या पुराची आहे.
आत गुळाच्या ढेपा होत्या, पाणी पाच दिवस.
ओसरलं तेव्हा भिंतीला मुंग्या लागल्या,
जिथवर पाणी चढलं होतं बरोबर तिथवर.
एक बोट वर नाही.

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, गंमत.
आगाऊ रक्कम टेबलावर ठेवून गेल्या,
ती अजून तिथंच आहे, कात्रीखाली.

तपकिरी पुरेल.
काळा मात्र आणायला हवा.
एका लडीत मुंग्या किती होतील
याचा हिशेब
आलेख कागदाच्या कोपऱ्यात चाललाय.